नव्वद अक्षरांत माणूस: शिवकालीन वळणाच्या सात मानपत्रांचे दहा आठवडे

आमचा मर्दानी खेळांचा आखाडा पंचवटीतला. दरवर्षी तिथीच्या शिवजयंतीला काही जणांचा मान केला जातो, आणि आजवर तो फ्लेक्सवाल्याकडच्या चकचकीत छापील प्रमाणपत्रावर निभावायचा. ५ जानेवारी २०२५ च्या बैठकीत ठरलं की यंदाची सात पत्रं हाताने, मोडीत, शिवकालीन पत्रांच्या धाटणीने लिहायची आणि भर मैदानात वाचून दाखवायची. कार्यक्रम १७ मार्चला, फाल्गुन वद्य तृतीयेला. हातात ७१ दिवस होते. मोडी येत असल्यामुळे काम माझ्याकडे आलं. लिपी ही यातली सगळ्यात सोपी बाब आहे, हे तेव्हा ठाऊक असतं तर बैठकीत इतकं चटकन ‘हो’ म्हटलं नसतं.

असं काम अंगावर घेतलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

पहिला आठवडा: कोणता काळ?

सुरुवात सांगाड्यापासून केली. अमेरिकेत बर्कली इथे १९६६ साली सुरू झालेली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ नावाची संस्था आहे. युरोपातल्या मध्ययुगाचा हौशी अभ्यास आणि खेळ असं तिचं स्वरूप. त्यांच्याकडे सन्मानाचा मजकूर दरबारात मोठ्याने वाचला जातो आणि मग लेख हाती देतात. मजकुराचे भाग ठरलेले असतात: कोणास, कोणाकडून, कशाबद्दल, काय दिलं, कधी आणि कुठे. आपल्याकडच्या सनदा, इनामपत्रं समोर ठेवली तर हेच भाग सापडतात, फक्त क्रम वेगळा. आपल्याकडे तारीख आधी, मग देणारा, मग घेणारा, मग ‘ऐसीजे’ (ते असे की), मग कारण, मग दान, शेवटी ‘जाणिजे’ (हे जाणावे).

त्यांच्या लेखांना सोनेरी वेलबुट्टीची चौकट असते. आपली मराठी पत्रं बहुतेक साधी: वर श्री आणि शिक्का, मध्ये काळी शाई, खाली मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याची छोटी मुद्रा. कार्यकारिणीतल्या दोघांना चौकट हवी होती. चौकट घातली तर लिहायची जागा तीन ओळींनी कमी होते, हे कागदावर आखून दाखवल्यावर तो विषय मिटला.

पुढचा प्रश्न काळाचा. ‘शिवकालीन’ म्हणताना आपण दोन वेगळे मायने एकत्र करतो. राज्याभिषेकाआधीची पत्रं फारसी वळणाची आहेत. ‘अजरख्तखाने राजश्री सिवाजीराजे’ अशी सुरुवात, पुढे ‘बिदानद’, आणि सुहूर सनाची, म्हणजे तेव्हाच्या एका कालगणनेची, अरबी अंकनावं. ६ जून १६७४ नंतर मायना बदलतो: ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शके’, संवत्सर, तिथी, वार, ‘क्षत्रियकुलावतंस’. फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्याच धोरणातला. पेशव्याचा पंतप्रधान आणि सरनोबताचा सेनापती झाला तो याच सुमारास. हौशी मानपत्रांत ‘अजरख्तखाने’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस’ एकाच ओळीत सुखाने नांदतात. जाणकार माणूस तिथेच वाचायचं थांबवतो. एक बाजू निवडा आणि शेवटपर्यंत तीच धरा.

नमुने पाहायला सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात तीन शनिवार बसलो. (१८४० सालची संस्था आहे ती, नाशकात राहून आत गेला नसाल तर जा.) छापील पत्रसंग्रह वाचताना एक गोष्ट विसरू नका. शब्दांमधली जागा, स्वल्पविराम, परिच्छेद हे सगळं संपादकाने घातलेलं असतं. मूळ मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे मोडून खाली येतो. भाषा छापील संग्रहातून घ्या, पण मांडणी मूळ पत्राच्या छायाचित्रावरूनच घ्या.

तारखेची भानगड

तारीख हा वरवर एका ओळीचा मामला. त्याने माझे दोन दिवस खाल्ले.

राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो, संवत्सर गुढीपाडव्याला. त्यामुळे पाडवा ते ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या अडीच महिन्यांत संवत्सर नवं आणि राजशक जुना अशी जोडी असते. आमचा कार्यक्रम फाल्गुनात, म्हणजे दोन्ही जुनेच. १६७४ च्या ज्येष्ठापासून पहिलं वर्ष धरलं की २०२४ च्या ज्येष्ठापासून ३५१ वं. संवत्सर क्रोधी. वार सोमवार, तो पत्रात ‘इंदुवासरे’. शुक्रवार असता तर ‘भृगुवासरे’, शनिवारचा ‘मंदवासरे’. महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणाऱ्या, पद्धतीनेच धरायचा. संगणकावर उत्तर भारतीय पंचांग उघडलंत तर हाच दिवस चैत्र कृष्ण तृतीया म्हणून दिसेल आणि महिना चुकेल.

फारसी वळणाचा मायना घेणार असाल तर सुहूर सन काढावा लागेल. तो मृग लागतो तेव्हा बदलतो. इसवी सनातून, मृगाच्या आधीची तारीख असेल तर ६०० आणि नंतरची असेल तर ५९९ वजा करायचे. १७ मार्च २०२५ साठी १४२५ येतात. ते एकंपासून उलट अरबीत लिहायचे: खमस (५), अशरीन (२०), अर्बा मया (४००), अलफ (१०००). गंमत अशी की पेशवाई सुहूर सन १२१८ च्या सुमारास संपली, त्यामुळे जुन्या मराठी पत्रांत ‘मयातैन’च्या, म्हणजे दोनशेच्या, पुढे जायची वेळच आली नाही. ‘अर्बा मया’ आपलं आपणच रचायचं. चंद्राची तारीख द्यायची तर आधी ‘छ’ येतो: छ १६ रमजान. हे सगळं मी काढलं, मसुद्यात घातलं आणि शेवटी खोडलं, कारण आम्ही राज्याभिषेकानंतरची बाजू धरली होती. खोडताना जीवावर आलं. पण मेहनत केली म्हणून ती कागदावर दिसलीच पाहिजे असं नाही.

‘तन-मन-धनाने’ चालत नाही

आमच्याकडची पद्धत अशी: शिफारस अर्ज, त्यावर दोन सभासदांच्या सह्या, मग कार्यकारिणीचा ठराव. अर्जांची मुदत २० जानेवारी. नऊ अर्ज आले, सात मंजूर झाले. सातही अर्जांत कारण म्हणून जे लिहिलं होतं ते अदलाबदल केलं तरी कुणाला कळलं नसतं: ‘तन-मन-धनाने सेवा’, ‘मोलाचं योगदान’, ‘सदैव अग्रेसर’.

जुन्या इनामपत्रांशी हे ताडून पाहा. तिथे माणसाने काय केलं हे लिहिलेलं असतं, आणि काय दिलं तेही मोजून: गाव, जमीन किती, कोणत्या बाजूला काय आहे. कारण त्या कागदावर उद्या कुणी भांडणार असतं. आमच्या पत्रावर कुणी भांडणार नाही, पण पाचशे लोकांसमोर वाचलं जाताना ‘मोलाचं योगदान’ हे शब्द कानावरून नुसते वाहून जातात.

म्हणून शिफारस करणाऱ्यांना तीन प्रश्नांचा कागद पाठवला. नेमकं काय केलं? कुठे आणि केव्हापासून? ते केलं नसतं तर काय अडलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला खरी उत्तरं आली. उत्तरं गोळा व्हायला नऊ दिवस गेले, दोघांना चारचार फोन करावे लागले. हे नऊ दिवस वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

आता जागेचं गणित. कागद २० सेंटीमीटर रुंद, ५० लांब. डावीकडे ५ सेंटीमीटर समास. जुन्या पत्रांत कागदाला घडी घालून तो पाडलेला दिसतो. वर १५ सेंटीमीटर श्री आणि शिक्क्यासाठी, खाली ९ मोर्तबासाठी. मधल्या २६ सेंटीमीटरमध्ये २ सेंटीमीटर अंतराने १३ ओळी. दोन मिलिमीटर टोकाच्या बोरूने ओळीत १७-१८ अक्षरं बसतात, म्हणजे सगळी मिळून २२५ च्या आसपास. त्यातली ७०-७५ मायन्यातच जातात, पन्नासेक शेवटच्या दानात. लेखणी कधी सैल चालते, तेवढी मोकळीक सोडली की माणसाच्या कामासाठी उरतात फार तर नव्वद. एवढ्यात अख्खा माणूस बसवायचा, म्हणून एकच काम निवडायचं. दहा वर्षांची सेवा नव्वद अक्षरांत सांगायला गेलात की पुन्हा ‘तन-मन-धन’ येतं.

शस्त्रांची निगा राखणाऱ्या गड्याचं पत्र शेवटी असं ठरलं (नाव गाळलं आहे, विरामचिन्हं वाचायच्या सोयीसाठी):

स्वस्तिश्री राज्याभिषेक शके ३५१ क्रोधीनाम संवत्सरे फाल्गुन वद्य तृतीया इंदुवासरे, आखाडा मंडळी मुक्काम नासिक यांणी राजश्री अमुक बिन अमुक वस्ती पंचवटी यांसी लिहिले ऐसीजे. तुम्ही दोन वर्षे भल्या पाहाटे येऊन पट्टियाची तीस पाती घासोन, तेल देऊन नीट केली. एक पाते गंजो दिल्हे नाही. मुलांचे हाती खोटे पाते येऊ दिल्हे नाही. हे सर्वांचे नजरेस आले. त्यावरून मंडळी संतोषी होऊन तुम्हास शेला व कडे देऊन शस्त्ररक्षक हा मान करून दिल्हा असे. सदरहू मान तुम्ही अनुभवणे. जाणिजे. बहुत काय लिहिणे.

‘तीस पाती’ हा आकडा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून आला, ‘मुलांचे हाती खोटे पाते’ तिसऱ्याच्या.

शब्दांच्या निवडीत तीन जागी अडलो. ‘आज्ञा केली ऐसीजे’ हे राजाचं बोलणं आहे, आखाड्याने ते आपल्या तोंडी घेऊ नये. म्हणून ‘लिहिले ऐसीजे’. तसंच ‘कृपाळू होऊन’ऐवजी ‘संतोषी होऊन’. दुसरं, किताब. प्रतापराव, हंबीरराव ही नावं विशिष्ट माणसांना मिळालेली आहेत, ती वाटायची नसतात. साधं, कामावरून पडलेलं नाव चांगलं. तिसरी अडचण बायकांच्या पत्रांची. सातांत दोन होत्या. जुन्या मायन्यात बाईचं वर्णन ती सवाष्ण की विधवा यावरून ठरतं: वज्रचुडेमंडित, नाहीतर गंगाभागीरथी. नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’. अस्सलपणाच्या नावाखाली हे मैदानात वाचणं मला पटलं नाही. दोघींच्या नावापुढे ‘बाई’ लावलं आणि थेट ‘यांसी लिहिले’वर आलो. मायन्याचं काही बिघडलं नाही.

सातही मसुदे १० फेब्रुवारीला कार्यकारिणीपुढे ठेवले. एकदाच, सगळ्यांच्या सह्या घेऊन. नंतर ‘एक शब्द बदलता येईल का’ हे ऐकायचं नसेल तर सह्या घ्याच. नावांच्या ऱ्हस्वदीर्घावरून मात्र वाद झाला नाही. मोडीत वेलांटी सहसा दीर्घ आणि उकार ऱ्हस्व, त्यामुळे सुमित आणि सुमीत दोघेही खूश.

कागद, शाई, बोरू

हातकागदाचे १४ ताव घेतले, सात पत्रांना दुप्पट. ५५ रुपयांना एक, म्हणजे ७७० रुपये. कोऱ्या हातकागदावर शाई फुटते, कारण तो ब्लॉटिंगसारखा पितो. पूर्वी कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. तेच केलं: एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम तांदळाच्या पिठाची पातळ खळ, गाळून, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात. सुकायला रात्रभर दोरीवर. मग काचेवर ठेवून अकीकच्या दगडाने घोटायचं, एका तावाला २०-२५ मिनिटं. शंखाची पाठही चालते. खळ घट्ट झाली तर घडीवर कागदाचा पापुद्रा निघतो. माझे पहिले दोन ताव तसेच गेले. घोटताना कागदात जराही ओल असेल तर तो चुरगळून वर येतो.

काहींनी चहाच्या पाण्यात बुडवून, कडा मेणबत्तीवर जाळून ‘जुना लूक’ आणायचा आग्रह धरला. पण सनद माणसाच्या हाती पडते तेव्हा ती कोरी करकरीतच असते की! महाराजांच्या चिटणिसाने जळक्या कडांचा कागद पुढे ठेवला असता तर त्याची काय गत झाली असती? पिवळा व्हायचं काम पुढच्या शंभर वर्षांवर सोपवा. शिवाय चहा आम्ल असतो, कागदाचं आयुष्य तो कमीच करतो.

शाई काजळीची. तिळाच्या तेलाचा दिवा, वर पितळी ताट, चार संध्याकाळी मिळून जेमतेम ८ ग्रॅम काजळी जमली. काजळी तेलकट असते, पाण्यात टाकली की तरंगत राहते आणि कितीही ढवळा, मिसळत नाही. आधी बाभळीचा डिंक तितक्याच वजनाचा, थोड्या कोमट पाण्यात भिजवून मधासारखा करायचा, त्यात काजळी घालून खलात घोटायची. कमीत कमी दोन तास. मग थेंब थेंब पाणी. बुरशी येऊ नये म्हणून एक लवंग. डिंक कमी पडला तर सुकल्यावर बोट फिरवताच अक्षर पसरतं, जास्त झाला तर शाई चकाकते आणि गुंडाळी करताना तडकते. आधी चिठोऱ्यावर चार ओळी लिहून, दुसऱ्या दिवशी बोट फिरवून आणि कागद गुंडाळून दोन्ही गोष्टी तपासा. ही शाई टिकाऊ असली तरी पाण्यापुढे टिकत नाही, ओला हात लागला की संपलं. डिंक आणि तेल मिळून १७० रुपये झाले.

बोरू १५ रुपयांना एक, सहा घेतले. कापताना आधी दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचा तिरका काप, आतला भुसा खरवडून साफ, मग टोकाला मध्यावर सेंटीमीटरभर चीर आणि शेवटी लाकडी फळीवर ठेवून टोक एकाच दाबात छाटायचं. दोनदा दाबलं की टोक फाटतं. चीर नसेल तर शाई एकदम ओघळते. एका पत्रात टोक दोनदा तासावं लागतं, आणि तासल्यावर रुंदी बदलते. म्हणून पत्राच्या मध्येच नको, ओळ संपल्यावर तासा.

लिपीबद्दल थोडंच. मोडीचा युनिकोड २०१४ पासून आहे, फाँटही मिळतात, पण फाँटवरून गिरवलेली मोडी सुट्या अक्षरांची माळ दिसते. हात न उचलता अक्षर अक्षरात शिरतं ते त्यात येत नाही, र तर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतो. शिवाय बाजारातले बरेच तक्ते पेशवेकालीन किंवा आंग्लकालीन वळणाचे असतात. पेशवेकालीन अक्षर अधिक सुबक आणि सरळ, शिवकालीन उजवीकडे कललेलं. एका पत्राचं छायाचित्र मोठं करून भिंतीला लावा आणि तेच वळण तीन आठवडे गिरवा. रोज अर्धा तास पुरला.

शिक्का

प्रतिपच्चंद्रलेखेव हा शिक्का वापरायचा नाही, यावर मी पहिल्या दिवसापासून अडून होतो. ती महाराजांची राजमुद्रा आहे. अष्टकोन, तो श्लोक, शेवटचं ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, सगळं एका माणसाच्या अधिकाराची खूण. टी-शर्टावर कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कागदाच्या माथ्यावर ती उमटवली की कागद कुणाच्या नावाने निघाला याचा अर्थ बदलतो. पुढच्या काळातल्या कारभाऱ्यांच्या शिक्क्यांत ‘चरणी तत्पर, निरंतर’ अशी धाटणी सापडते. तिच्यावरून आमचा गोल शिक्का ठरला, चार सेंटीमीटर व्यासाचा: ‘श्रीशिवचरणी तत्पर, आखाडा मंडळी निरंतर’. मोर्तबाला ‘लेखनसीमा’, दीड सेंटीमीटर. शिक्क्यावरची अक्षरं देवनागरीत, कारण महाराजांची मुद्रासुद्धा देवनागरीच आहे. लाख ओतून उमटवलेला शिक्का सिनेमात शोभतो. मराठी पत्रावर शाईचाच शिक्का असतो.

८ फेब्रुवारीला रबरी शिक्के करायला टाकले. मोठा ४८०, छोटा २६०. आठवड्याने म्हणाले, शिवजयंतीची गर्दी आहे, थांबा. १७ तारखेला हाती आले आणि मोठा उमटला उलटा! चूक माझीच. शिक्क्यासाठी अक्षरं उलटी लागतात म्हणून मी फाइल आधीच उलटी करून दिली होती, त्यांनी नेहमीप्रमाणे ती पुन्हा उलटवली. दुसरा करायला आणखी २४० आणि सात दिवस. फाइल सरळच द्या आणि पावतीवर ‘सरळ उमटला पाहिजे’ असं लिहून घ्या. काळी शाई आणि पॅड १४० रुपये.

प्रत्यक्ष लेखन: १ ते ९ मार्च

दिवसाला एकच पत्र, सकाळी सात ते दहा. नाशकात मार्चच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की बोरूच्या टोकावरच शाई सुकते आणि निम्म्या अक्षरात खरखर सुरू होते.

आधी कागदावर सर्व १३ शिरोरेषा ओढून घ्यायच्या, कडेपासून कडेपर्यंत. अक्षरं नंतर त्यांना लटकतात. रेषा ओढताना थांबलात तर तिथे गाठ दिसते. खाली पांढरा जाड कागद, त्यावर ठळक ओळी आखलेल्या, त्या घोटीव कागदातून उजेडात अंधुक दिसतात. पेन्सिल टाळा, घोटलेल्या खळीवर खोडरबर फिरवला की चकाकी जाते आणि तिथे शाई फुटते.

मसुदा आधीच १७-१८ अक्षरांच्या ओळींत तोडून शेजारी ठेवा. मोडीत शब्द तुटले तरी चालतात, म्हणून आपण बेफिकीर राहतो, आणि शेवटच्या ओळीत ‘लिहिणे’चं ‘णे’ एकटं उरतं. एका पत्रात हे झालं. ओळीची उरलेली जागा रेघ ओढून भरायची, नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून. दिसतंही छान.

चुका तीन प्रकारच्या झाल्या. एक ‘दिल्हे’ दोनदा लिहिलं गेलं, कारण शब्द सुटे नसल्याने डोळा मसुद्यात परत त्याच जागी पडला. उपाय म्हणून मसुद्यावर पट्टी ठेवून ओळ उतरली की ती खाली सरकवायची. एका कागदावर बाहीने ओली ओळ पुसली. तिसरी चूक नावातली होती, वडिलांचं नाव चुकलं, आणि ते पाचव्या ओळीत. शाई खरवडून दुरुस्ती करता येते, पण नावाच्या जागी खरवडलेलं पत्र कुणाला देऊ नये. सात पत्रांना एकूण ११ ताव लागले: दोन खळीत, दोन चुकांत, सात चांगले. बाहीने पुसलेली ओळ दुरुस्त झाली, ते पत्र माझ्या मते सगळ्यात देखणं आहे.

शिक्के १० मार्चला, सगळ्यात शेवटी. आधी टाकाऊ तावावर पाच-सहा वेळा दाबून पाहा. हातकागद खडबडीत, खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवल्या की ठसा पूर्ण येतो.

खलिता, परवानगी, वाचन

पत्र गुंडाळून कापडी थैलीत, म्हणजे खलित्यात. येवल्याच्या पैठणीवाल्यांकडून काठांचे तुकडे ६०० रुपयांत मिळाले, शिवणावळ थैलीमागे ६० प्रमाणे ४२०, गोंडे आणि दोरी १७५. ओली शाई कापडाला लागू नये म्हणून पत्र चार दिवस उघडं सुकवून, मध्ये बटर पेपर घालून गुंडाळलं. १४ तारखेला धुळवड. बाहेरून कुणी आलं तर ‘रंग’ म्हणून धसका घेण्याचं कारण नव्हतं, आपला रंग रंगपंचमीचा. पण जुन्या नाशकात वीरांच्या मिरवणुकीने रस्ते बंद, त्यामुळे तांबट लेनमधून कडी आणायला गेलेला गडी दोन तासांनी परतला.

पोलीस परवानगीचा अर्ज २७ फेब्रुवारीला दिला होता. ध्वनिक्षेपक, मिरवणुकीचा मार्ग, शस्त्रांची यादी आणि पाती बोथट असल्याचं हमीपत्र, सगळं दोन प्रतींत. मंजुरी ११ दिवसांनी आली. पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा, मैदानावर विचारतात.

वाचनाची तयारी मात्र कमी पडली. मोडीवरून जाहीर वाचन करायचं नाही, हे पहिल्या तालमीतच कळलं: शब्द सुटे नसल्याने वाचणारा ‘नासिकयांणीराजश्री’वर धडपडला. देवनागरीत वाचनप्रत केली, ठळक मोठ्या टाइपात, श्वासाच्या जागी तिरपी रेघ, नाव अधोरेखित. छपाई आणि झेरॉक्स १३०. एक पत्र सावकाश वाचायला पाऊण ते एक मिनिट लागतं. सात पत्रं, उठून येणं, शेला, कडं धरून २५ मिनिटं. आम्ही १५ धरली होती, म्हणून शेवटच्या दोन पत्रांच्या वेळी ढोलवाले सुरू झाले.

वाचणाऱ्याने आधी गारद, म्हणजे बिरुदांची ललकारी, म्हणावी असं सुचवलं गेलं, ते टाळलं. ती महाराजांसाठी आहे. तुतारी वाजली, शांतता झाली, ‘स्वस्तिश्री’ सुरू झालं. संवत्सर-तिथीपर्यंत मैदानात कुजबुज होती. ‘तीस पाती’ ऐकू आल्यावर मागे बसलेली मुलं वळून त्या गड्याकडे पाहू लागली, आणि तो मान खाली घालून हाताचं तेल पुसावं तसा पंजा धोतराला पुसत होता. वाऱ्याने पत्र फडफडतं, म्हणून दाखवताना खालच्या कडेला बांबूची कामटी लावा. आम्हाला हे तिसऱ्या पत्रावेळी सुचलं.

शेला-कडं सोडून सगळा खर्च ३,४७५ रुपये, म्हणजे पत्रामागे पाचशेच्या आत. प्रत्येकाला देवनागरी प्रत आणि एक चिठ्ठी दिली: लॅमिनेशन करू नका, काचेच्या चौकटीत लावायचं तर पत्र काचेला चिकटू देऊ नका, उन्हाच्या भिंतीवर नको. सातही पत्रांची नक्कल आखाड्याच्या वहीत उतरवून क्रमांक टाकले.

तीन ताव उरले आहेत. त्यांना खळ लावून, घोटून, बटर पेपरमध्ये ठेवलं. पुढच्या फाल्गुनाचा मायनाही वहीत लिहून ठेवला आहे: शके ३५२, विश्वावसुनाम संवत्सरे. वार तेवढा कोरा सोडलाय, पंचांग हातात आल्यावर भरू.